आजचा भाव

कॉम्प्युटरवरच्या कोड-एडिटरच्या कोपऱ्यातला जोडणीचा ठिपका लालच होता. कुरुंद्याच्या शेतकरी कंपनीचे सगळे संचालक प्रतिक्षाच्या खांद्यावरून त्या ठिपक्याकडे बघत होते. सभासदांना रोज मोबाइलवर हळदीचा भाव कळवायचं काम कुणाला द्यायचं, ते आज ठरणार होतं. मिळालं तर तिला जिल्ह्यातच राहता येणार होतं. नाहीतर पुन्हा पुण्याची खोली आणि डबा.

सकाळपासून तिघे जण आपापली करामत दाखवून गेले होते. विचारलं की पडद्यावर भाव हजर. अध्यक्ष तातेरावांनी प्रत्येकाला वा वा केलं, चहा पाजला. त्यांचं वा वा कुणालाही मिळतं, त्याला काही लागत नाही.

प्रतिक्षाने वेगळाच घाट घातला होता. एडिटरमधल्या एआय मदतनिसाला बाहेरची माहिती आणणारा एक सर्व्हर जोडायचा. तो बाजार समितीच्या, म्हणजे मोंढ्याच्या, वेबसाइटवर जाऊन तिथे लिहिलेलं तेवढंच उचलून आणणार. मदतनिसाला एकटं सोडलं की तो विचारल्याबरोबर काहीतरी ठोकून देतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मॅडम, एवढा उशीर काहून?" संचालक रुक्माबाईंनी टोमणा मारला. "त्या पोरांनी तर चहा थंड व्हायच्या आत सांगितला."

सगळे हसले. जोडणी सोडून द्यावी, मदतनीस बोलेल ते दाखवावं, असं तिच्याही मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं? पण उद्या त्याच भावावर विसंबून कुणीतरी पोती गाडीत घातली असती. तिने चूक दाखवणारा संदेश पुन्हा सावकाश वाचला. सर्व्हर चालवणारा प्रोग्रामच कंपनीच्या कॉम्प्युटरवर नव्हता. मोबाइलच्या नेटवर तिने तो उतरवून घेतला, एडिटर बंद करून उघडला. ठिपका हिरवा झाला.

तातेरावांनी सकाळी त्या तिघांना केलेलाच प्रश्न घातला, आपल्या मोंढ्यात हळदीचा आजचा भाव काय? मदतनीस वेबसाइटवर जाऊन आला. पडद्यावर उमटलं, आजच्या तारखेला भावाची नोंद नाही.

प्रतिक्षाचे कान तापले, पण मान ताठच राहिली. "नोंद नाही म्हणजे नाही," ती म्हणाली. "मनचा भाव मी सांगणार नाही."

तातेरावांनी संचालकांकडे पाहिलं. एकेकाची मान हलली. मग त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"काम तुझं, पोरी. आज अमावस्या हाय, मोंढा बंद. म्हणून तर तुमा चौघांना आजच बोलावलं."