दारावरचं रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर म्हणताच कुरिअरवाल्याने डबा परत सरकवला. "काका, हत्यार आम्ही घेत नाही." पोस्टातही हेच उत्तर मिळालं होतं. बँकेचा रखवालदार रंगनाथ सांगळे डबा पिशवीत घालून बाहेर आला.

पुण्याचा बंदूक दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "परवाना तुमच्या नावावर आहे ना? मग तो घेऊन स्वतःच या. कायद्यानेही तेच बरोबर आणि स्वस्तही तेच, एसटीचं भाडं तेवढं लागेल. काम चार दिवसांचं आहे."

रंगनाथने मॅनेजरसाहेबांकडे रजा मागितली. "साहेब, घोडा तुटलाय. गोळी सुटणार नाही."

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "बदली माणूस मार्चनंतर मिळेल. तोवर कुणाजवळ बोलू नका."

"आणि कुणी आलंच तर?"

"कमरेला दिसतंय ना, तेवढं पुरे."

नोकरी सोडावी, तर या वयात दुसरी कोण देणार होतं? तो दारात उभा राहू लागला. हेल्मेट न काढता कुणी पायरी चढलं, की त्याचा हात नकळत कमरेकडे जायचा.

शनिवारी त्याची मुलगी तान्ह्या बाळाचं खातं उघडायला आली. आत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर टेकली.

"आत जाऊन बस."

"इथंच बरं वाटतं, बाबा. तुम्ही आहात ना."

दोन पावलं सरकून तो तिच्या आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.