मागून घातलेली मिठी

“उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस,” पूजा म्हणाली. इंद्रजित पायरीवरच थांबला.

अंगणात तिचा दीर भाऊसो जीपचा हॉर्न वाजवत होता. साताऱ्याच्या वकिलांनी आज बोलावलं होतं. पूजानं सही केली की इंद्रजितच्या सुटकेविरुद्ध दिल्लीला, सुप्रीम कोर्टात अपील जाणार होतं.

बांधावरून उसाची ट्रॉली नेण्यावरून भांडण झालं होतं. इंद्रजितनं पूजाच्या नवऱ्याला, वीरधवलला, मागून मिठी घालून धरलं. इंद्रजितचा थोरला भाऊ गुंडाआण्णा, त्यानं समोरून कोयता चालवला. त्यात वीरधवल गेला. पाहणारी एकटी पूजा. खालच्या कोर्टानं दोघांचा इरादा एकच धरला आणि दोघांना जन्मठेप दिली. हायकोर्टानं गुंडाआण्णाची शिक्षा कायम ठेवली, इंद्रजितला सोडलं. साक्ष खरी आहे, पण नुसत्या मिठीवरून मनातलं सिद्ध होत नाही, असं निकालात होतं.

“वैनी, दिल्लीला जाऊ नगा. मी भांडण सोडवत हुतो.”

“वैनी म्हणू नगंस. भांडण सोडवणारा आपला माणूस धरतो. दुसऱ्याचा धरला तर आपला त्येला मारणार, हे शेंबड्या पोराला बी कळतंय. तू आमचा का धरलास?”

हा प्रश्न आजवर एकाही वकिलानं विचारला नव्हता.

“वैनी, च्या बी पाजा आता त्येला!” भाऊसो जीपमधून ओरडला.

इंद्रजितनं मान खाली घातली. “वीरू माझा दोस्त. त्येला धरता येत हुतं. आण्णाच्या अंगाला हात लावायची आमच्या घरात कुणाची छाती न्हाई. बा गेल्यापास्नं त्योच बा. वाटलं, वीरूला मागं वढून लांब न्यावं. तेवढ्यात…”

पूजाला मातीतल्या दोन रेघा आठवल्या. वीरधवलच्या टाचांनी ओढलेल्या. त्या मागं गेल्या होत्या, कोयत्यापासून लांब. हा खरं बोलत होता.

“मग कोर्टात का न्हाई सांगितलंस?”

“आमी तितं नव्हतोच, असं आण्णानं ठरवलं हुतं.”

पूजा उंबरा ओलांडून बाहेर आली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “मी सही करत न्हाई. तू एकच कर. तुरुंगात मुलाखतीला जा. आण्णाच्या तोंडावर म्हण, मारलंस तू, मी सोडवत हुतो.”

हॉर्न बंद झाला. इंद्रजितनं वर पाहिलं. निकालाच्या दिवशी जन्मठेप ऐकतानाही त्याचा चेहरा इतका पडला नव्हता.

“आण्णाच्या तोंडावर?” तो म्हणाला, आणि एक पायरी खाली उतरला.

पूजा वाट पाहत राहिली. तो आणखी एक पायरी उतरला.

दुपारी साताऱ्यात वकिलांनी कागद तिच्यापुढे सरकवले. “दोघांचा इरादा एकच होता, यावर तुम्ही ठाम आहात ना?”

“तवा नव्हता,” पूजा म्हणाली आणि सही केली. “आज हाय.”