चाळीसच्या अलीकडे

हिकमतुल्लाने खिशातून काडेपेटी काढली. काडेपेटीत चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद, आणि त्या चांदीत गुंडाळलेला लेझर डायोड. फरशा बसवणाऱ्यांच्या मोडक्या यंत्रातून त्याला हा एवढा एकच मिळाला होता.

"हिकमतुल्ला आका, सून घरात आणताना तरी एवढी काळजी घेतली होती का?" किमने विचारलं. यांगीआबादच्या बाजारात किमचं टेबल सुट्या भागांनी भरलेलं असे आणि तोंड टोमण्यांनी.

"सुनेला दुखलंखुपलं तर ती ओरडते तरी. हा मुकाट मरतो."

डायोडला करंट बेतानेच मिळावा म्हणून सर्किट बांधायचं होतं. तीन पायांची चिप पसंत पडली. सुरुवातीचा झटका गिळायला कपॅसिटर हवा होता. हिकमतुल्लाने चांगला अंगठ्याएवढा उचलला.

"एवढा मोठा? बटण दाबल्यावर रेघ उमटायला वेळ लागेल."

"लागू दे. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?"

राहता राहिला रेझिस्टर, आणि खरी मेख तिथेच होती. करंट किती जायचा हे तो ठरवणार. कमी गेला तर रेघ फिकी, जास्त गेला तर डायोड खलास. रेघ किती ठळक हवी, ते मात्र मुकद्दसच सांगू शकत होती. म्हणून आज तो बायकोला बाजारात घेऊन आला होता.

मुकद्दस स्टुलावर बसून सामसा खात होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं लख्ख दिसतं, असं ती महल्लाभर सांगत सुटली होती. वैताग होता तो फक्त खडूचा. हल्ली खडूच भेसळीचा येतो, कापडावर उठतच नाही, मग टाके वाकडे जाणार नाहीत तर काय! नातीच्या लग्नाच्या रजया तिला स्वतःच्या हाताने शिवायच्या होत्या. दोन शिवल्या आणि दोन्ही स्वतःच उसवल्या. हिकमतुल्लाने खडूला चार शिव्या दिल्या आणि न पुसणारी, उजेडाची रेघ बनवायला घेतली.

किमने पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, म्हणजे आत सावली राहील. मुकद्दसने पिशवीतून अद्रसच्या रेशमी कापडाचा फुलाफुलांचा तुकडा काढून आत पसरला. वर डायोड टांगला, बाजूला मीटर ठेवला.

"कापडाकडेच बघ हं, वर नको," हिकमतुल्लाने बजावलं. "मी हळूहळू वाढवत जातो. रेघ नीट दिसली की सांग."

हा डायोड चाळीस मिलिअँपपर्यंत नुसता बसून राहतो आणि चाळीस ओलांडले की एकदम रेघ टाकतो, हे त्याने घरी दोनदा तपासलं होतं. शंभरच्या पुढे गेला की संपला.

तो करंट वाढवायचं बटण फिरवू लागला. काटा दहावर आला. वीसवर आला. मुकद्दस खोक्यात वाकून बघत होती.

"दिसली," ती म्हणाली. "छान आहे. बास एवढी."

काटा पंचविसावर होता. कापडावर रेघ नव्हतीच.

किमने तोंड उघडलं. हिकमतुल्लाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. बायको इतके दिवस एकटीने काय काय लपवत होती, ते त्याला त्या क्षणी कळलं.

"दिसली ना? बरं झालं," तो म्हणाला. "मला मेल्याला अजून दिसत नाही. म्हातारा झालो. माझ्यासाठी थोडी वाढवू?"

"वाढवा की. तुमच्या डोळ्यांचं मी कधीपासून सांगतेय!"

चाळीस ओलांडले आणि फुलांवर हिरवी रेघ उमटली. किमला दिसली, हिकमतुल्लाला दिसली. मुकद्दसचं बोट मात्र रेघेपासून दोन बोटं अलीकडे कापड चाचपत होतं. आता तो तिच्या डोळ्यांकडे बघतच नव्हता, त्या बोटाकडे बघत होता. पन्नास. साठ. सत्तर. बोट थांबलं, सरकलं, रेघेवर आलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेलं.

"आत्ता दिसली बघ मला," हिकमतुल्ला म्हणाला.

किमने सत्तरचा हिशेब करून एक बारकासा रेझिस्टर पुढे केला. हिकमतुल्लाने मान हलवली.

"हा नको. फिरवता येईल असा दे. मोठ्या बटणाचा, बोटांना कळेल असा. आणि एक न फिरणारा रेझिस्टर जोड त्याला, म्हणजे शेवटपर्यंत फिरवलं तरी शंभर व्हायचे नाहीत."

"मोठं बटण आत ठेवलंय," किम म्हणाला आणि पाय चोळत मागे गेला.

मुकद्दसने कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अहो, मघाशी रेघ नव्हती ना?"

"कधी?"

किमने आणून ठेवलेलं बटण तिने हातात घेतलं. कडेच्या खाचा अंगठ्याने चाचपल्या, थोडं फिरवलं, मग आणखी थोडं.

"किती फिरतं हो हे?"

हिकमतुल्ला रिकामी काडेपेटी उघडत होता.

"आपल्याला पुरेल एवढं," तो म्हणाला आणि डायोड पुन्हा चांदीत गुंडाळू लागला.