उष्टी हळद

रुपालीच्या मानेवरची हळद ओल्या फडक्याने पुसली, तर हळदीबरोबर कातडीही निघून आली. गळ्याभोवती लाल चट्टे, हातांवर फोड, ओठ सुजलेले, डोळे लालभडक. तिसगावच्या मंगल कार्यालयात एकच गोंधळ उडाला. नवरीला काय होतंय हे विचारायच्या आधी लोकांनी विचारलं, हळद कुणाची?

हळद नवरदेवाकडची, म्हणजे वैजनाथच्या घरची होती. त्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावायची, ही रीतच. नवरीचा बाप रंगनाथ, त्याला दोष ढकलायला आयतीच जागा सापडली.

"हळदीत काय कालवलं हुतं वो पाव्हनं? सकाळपस्तोर पोरगी धडधाकट हुती!"

वरमाय गोजरबाई पदर खोचून पुढे आली. "आमच्या हळदीला नावं ठिवू नका. मिरजगावात घरच्या जात्यावर दळलीय, सवाष्णींनी दळलीय!"

रंगनाथ साफ खोटं बोलत होता. पोरीला दोन-तीन दिवस ताप होता, घास गिळवत नव्हता. पहाटे न्हाणीत तिच्या अंगावरचे चट्टे आईने, रंगुबाईने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. वरून हळद बसली, चट्टे झाकले गेले, तेव्हा त्या माउलीने देवाला हात जोडले होते.

रुपालीला अधूनमधून फिट यायची. हे सख्ख्या आत्यालाही माहीत नव्हतं. ऐन मांडवात फिट येऊ नये म्हणून तीनेक आठवड्यांपूर्वी नगरच्या डॉक्टरांकडून नवी गोळी आणली होती. अंगावर काही उठलं तर तसेच उठून या, असं त्यांनी बजावलं होतं. पण लग्नघरात उठायला सवड कुणाला?

तसं हे लग्न पंचक्रोशीत आधीच गाजलं होतं. डीजे नाही, फिरते लाइट नाहीत, रात्रीची वरात नाही, नवरा-नवरीला उपास नाही. मुलीकडच्यांनी अटी सांगायला तोंड उघडलं, तर मुलाकडचे म्हणाले, आमच्या मनातलंच बोललात. सरपंचांनी साखरपुड्यात या साधेपणावर लांबलचक भाषण ठोकलं होतं. दोन्ही घरं इतकी समजूतदार, की आजवर भांडायला विषयच मिळाला नव्हता. तो हळदीने मिळवून दिला.

लग्नाला आलेले गावातले डॉक्टर आत गेले. त्यांनी रुपालीचं तोंड उघडून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. रंगनाथजवळ येऊन ते हळू आवाजात बोलले.

"हे हळदीचं नाही. तोंडाच्या आत कोण हळद लावतं? हे कुठल्यातरी औषधाने झालंय. ते आत्ताच्या आत्ता बंद व्हायला पाहिजे. नाहीतर कातडी सोलून निघेल, डोळे जातील, जीवही जाईल. कुठली गोळी चालू आहे?"

दारात पाहुणे माना उंचावून उभे होते. रंगनाथने सगळ्यांकडे एकवार बघून घेतलं.

"गोळी? तिला कधी सर्दीची गोळीसुदिक दिली न्हाई."

डॉक्टर तिला नगरला न्यायला गाडी बघायला गेले. पाहुणेही त्यांच्यामागे पांगले. रुपाली सुजल्या ओठांनी कसंबसं म्हणाली, "आई, सांग की गं."

रंगुबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"अक्षता पडू दे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "मग सांगू. आन् दुपारची गोळी दे आधी. मांडवात फिट आली तर तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

बापाचा जीव पोरीसाठी तुटत नव्हता असं नाही. सोयरीक तुटायची भीती त्याहून मोठी होती, इतकंच. रंगुबाईने कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, पाण्याचा तांब्या घेतला. एक गोळी तळहातावर काढली.

तेवढ्यात गोजरबाई आत शिरली. ती हळदीचं भांडण पुरं करायला आली होती. तिने रुपालीचे डोळे पाहिले, ओठ पाहिले, रंगुबाईच्या हातातली गोळी पाहिली. मग ती वळली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

"विहीनबाई, ती गोळी फिटची हाय ना?"

"न्हाई वो! ताकदीची हाय."

"ताकदीची म्हनून मीबी लई जनांना सांगितलंय."

गोजरबाईने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "डीजे नको, फिरते लाइट नकोत, जागरन नको, उपास नको. तुमच्या तोंडून ह्या अटी ऐकल्या तवा मला वाटलं, काय सुधारलेली मानसं हायेत! आमच्या वैजनाथचीबी हीच पथ्यं हायेत."

गोजरबाईने पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"हीच. आमच्या वैजनाथला सोसली न्हवती. असंच तोंड आलं हुतं, असंच कातडं निघालं हुतं. गावात आमी गोवर सांगितला. दवाखान्यात मातूर खरं सांगितलं, म्हनून आज पोरगं मांडवात उभं हाय."

तिने कडी काढली आणि पाकीट गुपचूप डॉक्टरांच्या हातात दिलं. गाडी नगरच्या रस्त्याला लागली. मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून रुपाली, पुढे डॉक्टरांशेजारी अंगभर हळदीने माखलेला वैजनाथ.

मांडवभर माणसं गोजरबाईच्या तोंडाकडे बघत होती. रंगनाथ तिच्यामागे मान खाली घालून उभा होता. शेवटी सरपंचच पुढे आले.

"काय झालं वो वरमाय?"

गोजरबाईने खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला.

"काय व्हायचंय? हळद आमचीच खराब निघाली."