दोन्या एर्लिंदाचा हुकूम

नार्सिसाने पिशवीची चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली. तशीच सोडून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"निघते, सासूबाई. दोनची बस आहे."

सासू, दोन्या एर्लिंदा, चुलीवरचा मका ढवळत होती. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"पोचल्यावर तेवढं कळवाल हं, पोरी."

कळवाल! अकरा वर्षं हेच. द्याल, याल, बसाल. कुएन्काच्या डोंगरातली ही माणसं कुणाला सरळ काही सांगतील तर शपथ. म्हातारी तर शेजारच्या गाढवालाही "जरा बाजूला व्हाल" म्हणायची. नार्सिसा पडली समुद्राकाठची, ग्वायाकिलची. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात ती "मीठ द्या" म्हणाली, तेव्हा सगळ्यांचे घास हातातच राहिले होते.

त्या घरात सरळ हुकूम सुटायचा तो एकट्या विनिसिओवर. ऊठ! गीळ आता! टोपी घाल, बावळटा! पोटच्या लेकाला काय आर्जवं करायची? नवरा बोलणी खाताना नार्सिसा खुदुखुदु हसायची, आणि आतून जळायचीही. तिच्या वाट्याला नुसता आदर आला होता, पाहुणीला मिळतो तसा.

विनिसिओला जाऊन परवा वर्ष झालं. आता पाहुणीने राहायचं तरी किती? "थांबाल का" एवढं जरी म्हातारी म्हणाली असती, तरी तिने पिशवी भरली नसती.

"येते," नार्सिसा कसंबसं म्हणाली. बाहेर भुरभुर लागली होती. ती तशीच बोडक्याने अंगणात उतरली.

मागे पळी आदळली.

"ए बावळट! पावसात बोडक्याने कुठे निघालीस? ये आत!"

म्हातारी दारात उभी होती. हातात विनिसिओची लोकरी टोपी.

"ठेव ती पिशवी! हात धू. मका शिजलाय, गीळ आधी!"

कुंपणापलीकडून शेजारणीचं डोकं वर आलं. वर्षभरात हा आवाज तिने ऐकला नव्हता.

"दोन्या एर्लिंदा, कुणावर ओरडताय ते सांगाल का?"

"माझ्यावर!" नार्सिसाच ओरडली, आणि रडत रडत हात धुवायला पळाली.