टेबलाखालची तोंडी परीक्षा

वर्गात ओरडते म्हणून तीन शाळांनी इरावतीला हाकललं होतं. का ओरडते, हे विचारायची अक्कल एकीलाही नव्हती. आज वर्ध्याच्या केंद्रात तिची दहावीची तोंडी परीक्षा होती. नापास झाली, तर आयटीआयचं दार बंद. पण नव्या कायद्यातून परीक्षकही सुटत नव्हता. विद्यार्थ्याला जसं ऐकू येतं, दिसतं, तसंच परीक्षकालाही जाणवून देणारी पट्टी कपाळाला बांधूनच त्याने प्रश्न विचारायचे.

"नसती थेरं," म्हणत परीक्षक टेंभुर्णेसाहेबांनी पट्टी बांधली. आणि दुसऱ्याच मिनिटाला तेच ओरडले, "अरे, पंखा बंद करा कुणीतरी! पिठाची गिरणी आहे का ही? आणि ही ट्यूबलाइट कशाला किंचाळते?"

"रोजच किंचाळते, सर," इरावती म्हणाली. तिला हसू आवरेना. सोळा वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तो आवाज ऐकू आला होता.

साहेब कडक इस्त्रीच्या सफारीसकट टेबलाखाली शिरले. तिथे अंधार होता, गारवा होता. इरावतीची अख्खी भूमिती घरी अशाच टेबलाखाली बसून झाली होती.

"सर, जरा सरका की," म्हणत ती शेजारी मांडी घालून बसली. "हं, विचारा आता. इथे मला सगळं येतं."