मुरायला वर्ष लागणारी बियर

लिंडसेनं गव्हाच्या बियरचा डबा फळीवरून उचलला, तेव्हा त्याची बायको नायरी बाटल्यांची बुचं बघण्याचं निमित्त करून थांबली.

गव्हाची बियर तीन आठवड्यांत प्यायला तयार होते. लिंडसे गॅरेजमध्ये बियर बनवायला लागला त्याला निम्मं आयुष्य होत आलं होतं, पण घाईची बियर त्यानं कधी बनवली नव्हती. ओमारू गावात उन्हाळा सरला की तो बियरच्या सामानाच्या या दुकानात यायचा, डबे उलटसुलट करून बघायचा आणि सावकाश मुरणारं काहीतरी घरी न्यायचा. आज मात्र तो झटपटच्या फळीपाशी बराच वेळ उभा होता.

मंगळवारी तो गुडघा दाखवायला डॉक्टर केरकडे गेला होता. नायरी बाहेर बाकावर बसली होती. काम थोडक्यात आटपेल असं वाटलं होतं, पण दार कितीतरी वेळ उघडलंच नाही. मधून मधून आतून डॉक्टरीणबाईंचा समजावणीचा सूर तेवढा ऐकू यायचा. लिंडसे बाहेर आला तो खाली मान घालून. गुडघा ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

त्या दिवसापासून तो गप्प होता. आवडीची मटणाची तंगडी त्यानं अर्धी टाकली. दोनदा तो तिच्याकडे टक लावून बघताना सापडला आणि दोन्ही वेळा त्यानं नजर फिरवली. नायरीनं काही विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगून टाकेल, याचीच तिला धास्ती होती.

तिनं रोजचं चालू ठेवलं. गेल्या महिन्यापासून ती त्याला स्वयंपाक शिकवत होती. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा, असं तिनं त्याला सांगितलं होतं. तो कुरकुरत कांदा चिरायचा आणि रश्श्यात मीठ जास्त टाकायचा. ती न बोलता खायची.

दुकानाची मालकीण मोआना गल्ल्यामागून पुढे आली. गव्हाच्या बियरचं हे किट या वर्षी बरंच खपतंय, असं ती म्हणाली. डब्यातला माल्टचा पाक पाण्यात मिसळायचा, यीस्ट सोडायचं, फार वाट बघावी लागत नाही. लिंडसेनं मान डोलावली, डब्यावरची तारीख वाचली आणि डबा परत ठेवला. मग फिक्या एल बियरचा घेतला. तोही ठेवला.

मग गुडघा धरून तो खाली वाकला आणि अगदी तळाच्या फळीवरचा काळा, जड डबा त्यानं ओढून काढला. स्टाउट. काळी बियर, सगळ्यात कडक.

"ही आत्ता बनवलीत तर पुढच्या हिवाळ्याआधी उघडू नका हं," मोआना म्हणाली. "अर्धवट मुरलेली प्यायलात तर मला नावं ठेवाल."

"पुढच्या हिवाळ्यातच उघडायचीय," लिंडसे म्हणाला. "शेगडीपाशी बसून. मी आणि ही."

तो हे इतक्या सहज बोलला की नायरीनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर काहीही लपवलेलं नव्हतं. आवळून धरलेली पर्स तिनं गल्ल्यावर ठेवली.

गाडीत बसल्यावर तिनं धीर करून विचारलंच. मंगळवारी डॉक्टर एवढा वेळ काय सांगत होत्या?

लिंडसेनं चावी फिरवली नाही. समोर बंदराकडे बघत राहिला.

"हसणार नसशील तर सांगतो."

"नाही हसणार."

मग त्यानं सांगितलं. गुडघ्यामुळे येत्या उन्हाळ्यात बोलिंग क्लबात खेळायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. हिरवळीवर वाकून गोळे सोडायचे नाहीत, सराव नाही, सामने नाहीत. आणि तो तर यंदा संघाचा कप्तान. त्यानं हरतऱ्हेनं घासाघीस केली, म्हणून एवढा वेळ लागला. त्या बधल्या नाहीत. तिला सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं होतं, पण लाज वाटली.

नायरी हसलीच. हसता हसता तिला रुमाल काढावा लागला.

"बघ, म्हणूनच सांगत नव्हतो," तो म्हणाला, पण त्यालाही हसू फुटलं होतं.

"एवढंच? दुसरं काही बोलल्या नाहीत?"

"याहून वाईट आणखी काय बोलणार होत्या, बाई?"

त्यानं गाडी सुरू केली. घरी गेल्या गेल्या पिंप धुवायला घेऊ, असं म्हणत तो शीळ घालू लागला. आज रस्सा मीच करतो, मीठ मात्र तू टाक, असंही म्हणाला. नायरीनं मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.

डॉक्टर केरनी तिला दिलेला शब्द पाळला होता. नायरीला पुढचा हिवाळा दिसणार नाही, हे लिंडसेला अजूनही ठाऊक नव्हतं.